ठरावाखालच्या एकशे बेचाळीस सह्या

माणूस मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या एखाद्याला सोडा, आमची हरकत नाही, असं तुमच्या नावानं आणि तुमच्या खऱ्याखुऱ्या सहीनिशी कुणी न्यायालयाला कळवलं असेल, तर ते तुम्हाला कळेल का?

नाही कळणार. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तर त्या भागाचा पोलीस निरीक्षक होतो. असा एक कागद माझ्या टेबलावर चार दिवस पडून होता. तो मी वाचला, खरा मानला आणि त्याच्या आधारे अहवालाचा कच्चा मसुदाही तयार केला. नोकरीत चुका झाल्या त्या लपवाव्यात असं मला वाटत नाही, म्हणून ही चूक आधीच सांगून टाकतो.

नावं सांगणार नाही. गावाचं नाही, माणसांचं नाही, पक्षाचं तर मुळीच नाही. फिर्यादी बाई आजही त्याच वस्तीवर राहतात, हे एक कारण. दुसरं असं की पक्षाचं नाव सांगितलं की वाचणारा लगेच ठरवतो, हे 'त्यांचं' काम, 'आपले' असं करत नाहीत. माझ्या अनुभवात ही पद्धत सगळ्यांची आहे.

तेव्हा माझी नेमणूक शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. आमची हद्द भीमेपर्यंत. नदीच्या पलीकडे दौंड तालुका, राहूकडची गुऱ्हाळं, अलीकडे ऊस, तरकारी आणि शेवंतीचे प्लॉट. आणि मधल्या नदीत वाळू. ज्याच्याकडे दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी, तो गावात शेठ. असाच एक शेठ रोज एका तरकारीवाल्याच्या वावरातून वाळूचे ट्रॅक्टर घालायचा. बांध मोडला, ठिबकच्या नळ्या तुटल्या. एका सकाळी शेतकरी ट्रॅक्टरच्या आडवा झाला. शेठनं खाली उतरून ट्रॅक्टरची टामी, म्हणजे लोखंडी दांडा, त्याच्या डोक्यात घातली. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. त्याची बायको दहा पावलांवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिनं सगळं पाहिलं.

ही फिर्याद माझ्या आधीच्या अधिकाऱ्यानं घेतली होती आणि तपास चांगला केला होता. खटल्यात दोन साक्षीदार फितूर झाले. एक म्हणाला, मी त्या दिवशी गावात नव्हतो. दुसरा म्हणाला, पोलिसांनी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. बाई मात्र हलल्या नाहीत. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांना दोन तास उभं केलं. तुमचं नवऱ्याशी पटत नव्हतं इथपर्यंत विचारून झालं. त्या एकट्या साक्षीवर सत्र न्यायालयानं शेठला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षं सक्तमजुरी दिली.

या सगळ्यात आमच्या भागाचे नेते, ज्या एका माणसाला सगळे नुसतं 'नेते' म्हणत, ते कुठं होते? मेलेल्याच्या दशक्रिया विधीला नदीकाठी होते. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. कावळा शिवायच्या आधी माईक लागतो. नेते बोलले, डोळे पुसले, "या माउलीच्या लेकराला न्याय मिळवून देईन," असं म्हणाले. त्याच नेत्यांच्या प्रचारफेरीला शेठचे ट्रॅक्टर असायचे, हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी लोकांना एकाच वेळी माहीत असतात आणि लोक दोन्हीकडे मान डोलावतात. ही टीका नाही. गावात राहायचं तर असंच राहावं लागतं, असं त्यांना वाटतं.

शिक्षा लागून दीड वर्ष होत आलं होतं. फेब्रुवारीत आमचा कोर्टाचं काम पाहणारा अंमलदार एक जाड पाकीट घेऊन आला. शेठनं उच्च न्यायालयात अपील केलं होतं. आता त्यात नवा अर्ज आला होता: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती द्या आणि जामिनावर सोडा. त्यावर ठाण्याचं म्हणणं सरकारी वकिलांनी आठवड्यात मागवलं होतं.

असे अर्ज येतच असतात. या अर्जाला तीन जोडपत्रं होती. पहिलं आजारपणाचं. दुसरं, नेत्यांचं शिफारसपत्र: अर्जदार हा सामाजिक कार्यकर्ता असून गावाला त्याची गरज आहे. तिसरं गावच्या महिला ग्रामसभेच्या ठरावाची सत्यप्रत. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, त्या सभेतला हा ठराव. मजकूर असा, की झाली घटना दुर्दैवी होती, गावात आता सलोखा आहे, अर्जदार परत आला तर समस्त महिलांना कसलीही भीती नाही. खाली सह्यांची पानं. एकशे बेचाळीस सह्या, त्यात काही अंगठे.

आणि सत्त्याऐंशी नंबरला मेलेल्याच्या आईची सही.

त्या एका ओळीनं मी फसलो. अर्जातही तिच्यावरच भर होता: 'मयताच्या सख्ख्या मातेनेही मोठ्या मनाने संमती दिली आहे.' मी बीट अंमलदाराला फोन केला. तो म्हणाला, "गाव शांत हाय साहेब. काय कुरबूर न्हाई." बीट अंमलदार गावात जातो म्हणजे कुठं जातो, तर चौकातल्या हॉटेलात आणि ग्रामपंचायतीत. तिथं गाव नेहमीच शांत असतं. हे मला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी मी त्याचं म्हणणं मसुद्यात उतरवलं. 'गावात शांतता असून कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता दिसत नाही.' हे वाक्य ठाण्यातल्या संगणकात तयारच असतं, फक्त गावाचं नाव बदलायचं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आधी नेत्यांचे स्वीय सहायक, मग खुद्द नेते.

"काय म्हणतंय ठाणं?"

"चाललंय साहेब."

"त्या अर्जाचं बघताय ना? गावानं ठराव दिलाय. बायांनी दिलाय, बरं का. मेलेल्याची आई सही करती म्हणल्यावर आपण पोलिसांनी खपली कशाला काढायची?"

"अहवाल जाईल साहेब वेळेत."

"सरळ जाऊ द्या एवढंच म्हणणं हाय. वाढवून काय लिहू नका. वर्षभरच राहिलं ना तुमचं? सुखानं घरी जा."

यात धमकी कुठं आहे, असं तुम्ही विचाराल. कुठंच नाही. ध्वनिमुद्रण करून ऐकवलं तरी कुठल्याही न्यायालयाला त्यात काही सापडणार नाही. नेत्यांनी न्यायाधीशांना फोन केला नाही, तसं कुणी करत नाही. न्यायाधीशांसमोर जे कागद जाणार, ते जिथं तयार होतात तिथं त्यांनी फोन केला.

मसुद्यावर सही करायची राहिली होती ती केवळ योगायोगानं. दुसऱ्या एका गुन्ह्यात साक्ष द्यायला मी शिरूरच्या न्यायालयात गेलो होतो. मधल्या सुट्टीत याच अर्जाच्या प्रती काढायला समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. आमच्या ठाण्याचं मशीन बंद पडलं की कागद त्याच्याकडेच यायचे. त्यानं सह्यांची पानं हातात घेतली आणि मशीनचं झाकण उघडंच ठेवलं.

"साहेब, ह्या याद्या मीच काढल्यात."

"मग?"

"न्हाई, म्हंजी... वर एक पट्टी आडवी ठिवून काढल्या. वरचं काय दिसू देऊ नको म्हणले."

"कोण म्हणालं?"

"आलं हुतं कुणीतरी."

"आणि वर काय होतं?"

"रंगीत छापल्यालं हुतं. फोटू हुता एक." त्यानं झाकण खाली केलं. "कुणाचा ते मी सांगायचो न्हाई. जबाबबी देणार न्हाई. मला हितंच दुकान चालवायचंय."

मी आग्रह केला नाही. माहिती देणाऱ्याला जिथं उभं राहायला जागा आहे तिथंच उभं राहू द्यावं. पुढं ओढलं की तो माहितीही परत घेतो.

ग्रामसभेच्या हजेरीवर रंगीत फोटो कशाला असेल? ठाण्यात परत आल्यावर मी यादी पहिल्यांदा नीट पाहिली. अनुक्रमांक, नाव, वस्ती, मोबाईल नंबर, सही. हजेरीत मोबाईल नंबरचा रकाना! हे मी चार दिवस पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महिला हवालदार बाईंना घेऊन मी फिर्यादी बाईंच्या वस्तीवर गेलो. हवालदार बाई पस्तिशीच्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात होते, ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्या भरती झाल्या. बोलायला कमी, लिहायला पक्क्या.

सासूसुना ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हातारे सासरे आतल्या खाटेवर. त्यांना सगळे आबा म्हणत. अर्धांगाच्या झटक्यानं ते अंथरुणाला खिळले होते. मी येण्याचं कारण सांगितलं तशा सुनेचे हात थांबले.

"सुटणार हाय व्हय तो?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"साहेब, स्पष्ट सांगा. मला पुढचं बघावं लागंल. त्याचं घर आमच्या वाटेच्या तोंडाला हाय. पोरगी तिथनं शाळंला जाती, मी तिथनं माल घेऊन जाते. कोर्टात मी त्याच्याकडं बोट करून सांगितलंय, ह्यानंच मारलं. तो आला तर मला हितं राहता येतंय व्हय? मी पोरगी घेऊन दौंडाच्या अंगाला माहेरी जाईन. आन् मी गेल्यावर ह्या दोघांचं कोन? वावर तर त्याला वाटंसाठी पायजेच हाय."

एवढंच पणाला लागलेलं होतं, आणि ते तिनं एका दमात सांगितलं. माझ्या मसुद्यात 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न' असा जो शब्दप्रयोग होता, त्याचा अर्थ हा होता.

मी यादी म्हातारीपुढं धरली. "आजी, ही सही तुमची का?"

तिनं कागद डोळ्यांपासून लांब नेला. "व्हय, माझीच की. तिरकी जाती माझी. दुसरीच्या घरात घुसती बघा कशी." आणि ती जराशी हसलीसुद्धा. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही होती. तिला तिचं कौतुक होतं.

मग हवालदार बाईंनी तिला ठराव वाचून दाखवला.

ते हसू कसं गेलं ते मी लिहू शकत नाही. तिनं कागद खाली टाकला, जसा काही तो भाजला. "माझ्या लेकाला मारला त्याला सोडा म्हनून मी सही करीन? मी?"

"आत्या, मग कशावर केली सही?" सुनेनं विचारलं. क्षणभर तिलाही शंका आली होती, हे मी पाहिलं. असले कागद घरातही भांडण लावतात.

"डब्याची हाय ती! हळदीकुंकवाला गेल्ते न्हाई का मी, मंगल कार्यालयात. स्टीलचा डबा दिला. नाव सांगा, फोन सांगा, सही करा आन् डबा घ्या म्हनले. तू तर म्हनलीस जा म्हनून!"

"व्हय, मीच म्हनले." सून माझ्याकडे वळली. "लेक गेल्यापासनं उंबऱ्याभायेर पडल्या नव्हत्या. शेजारच्या बोलवायला आल्या, म्हनलं जावा, चार बायांत बसा. मला तर कोन बोलवत न्हाई तसल्याला."

हळदीकुंकू नेत्यांनी भरवलं होतं. संक्रांतीनंतर सगळेच पुढारी भरवतात. आता मला कळलं होतं की काय झालंय. पण कळणं आणि सिद्ध करणं यात पोलिसाचं सगळं आयुष्य जातं. एका म्हातारीचा जबाब घेऊन पाठवला असता, तर समोरचे वकील म्हणाले असते, आता सुनेच्या दबावाखाली ती फिरली. उरलेल्या एकशे एकेचाळीस बायकांना दारोदार विचारत फिरलो असतो, तर संध्याकाळपर्यंत गावाला निरोप गेला असता आणि कुणालाच काही आठवलं नसतं.

जीपमध्ये हवालदार बाईंनी यादी मांडीवर घेतली. गाव मागे पडलं, बंधारा आला. त्या बोटानं एकेक नाव खाली सरकवत होत्या. पाचही पानं झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"सर, गाडी थांबवता का जरा?"

"काय झालं?"

"ह्यात बचत गटाच्या अध्यक्षबाई नाहीत."

या अध्यक्षबाई आमच्या ठाण्याला चांगल्या माहीत होत्या. दारूबंदीसाठी त्यांनी दोनदा मोर्चा आणला होता. एकही ग्रामसभा त्या चुकवत नसत. त्यांच्यामुळे सभा दोन तास लांबते, अशी गावाची तक्रार होती.

"आल्या नसतील एखाद्या वेळी."

"त्यांची जाऊही नाही. ती अंगणवाडीची मदतनीस नाही. मागच्या साली जिचा नवरा विजेच्या तारेनं गेला, ती नाही." त्या थांबल्या. "सर, ह्या यादीत एकही विधवा नाही. ही ग्रामसभा नाहीच. हे हळदीकुंकू आहे."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला जिथं कुणी बोलवत नाही, तिथली यादी मला ओळखू येते," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून जरा कडक आवाजात: "तुम्ही माझ्याकडं बघू नका सर. यादी बघा."

गाडी वळवली. तलाठी कार्यालयातून निराधार योजनेच्या लाभार्थी बायकांची यादी घेतली, मतदार यादी ठाण्यात होतीच. दुपारभर आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्या नावं वाचत गेल्या, मी खुणा करत गेलो. गावातल्या जेवढ्या विधवा कागदावर सापडल्या, त्यांतली एकही त्या एकशे बेचाळीसमध्ये नव्हती. ग्रामसभेला कुणीही येऊ शकतं. हळदीकुंकवाला मात्र आपण विधवांना येऊ देत नाही, हे ठराव बनवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यांना ते वगळणं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की यादीत कोण नाही हे त्यांना दिसणंच शक्य नव्हतं. खरं सांगतो, मलाही दिसलं नव्हतं.

ग्रामसेवकाला मी ठाण्यात बोलावलं नाही. ठाण्यात बोलावलं की माणूस रस्त्यात गोष्ट रचून येतो, दोघातिघांना फोन करून येतो. सकाळी साडेदहाला आम्हीच ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब नुकतेच येऊन कपाटाला किल्ली लावत होते.

"या साहेब, चहा सांगू?"

"नंतर. महिला सभेचं इतिवृत्त दाखवा."

वहीत ठराव होता, एका अक्षरात, एका पेनानं. सह्यांसाठी 'सोबत यादीप्रमाणे' असं लिहिलेलं.

"मोठी सभा झाली म्हणायची."

"व्हय साहेब. लई प्रतिसाद."

"बचत गटाच्या अध्यक्षबाई आल्या होत्या?"

"त्या... आजारी हुत्या बहुतेक."

"त्यांची जाऊ?"

"ती बी गावाला गेल्ती."

"अंगणवाडीच्या मदतनीस?"

"त्यांना काम असंल."

मी एकामागून एक नावं वाचत राहिलो. आवाज चढवला नाही. तपासात आवाज चढवला की समोरच्याला राग येतो, आणि रागात माणूस सावरतो. दहाव्या नावापर्यंत त्याची कारणं संपली. बाराव्या नावाला त्यानं फक्त मान हलवली.

"भाऊसाहेब, तुमच्या गावात नवरा वारला की बाईला ग्रामसभा बंद होते का?"

तो हवालदार बाईंकडे बघायला लागला. त्यांनी जबाबाचा कोरा कागद काढून पुढं ठेवला होता, पेनाचं टोपणही उघडलं होतं. तो खुर्चीत बसला.

"साहेब, माझी पेन्शन जाईल हो."

"मूळ यादी कुठंय?"

"मला नुसतं फोनवर सांगितलं. ठरावाचा मजकूर नेत्यांच्या सहायकानं टाईप करून धाडला, मी वहीत उतरवला फक्त..."

"मूळ यादी."

त्यानं कपाट उघडलं. घरपट्टीच्या पावत्यांखाली पाच कागद होते. प्रत्येकाच्या माथ्यावर रंगीत पट्टी: नेत्यांचा हात जोडलेला फोटो, खाली 'सस्नेह हळदीकुंकू व वाण वाटप'.

तुम्हाला वाटेल, हे फाडून का टाकलं नाही? मलाही वाटलं. त्यानंच सांगितलं: "नंबर हायेत ना त्यात बायांचे. इलेक्शनला लागत्यात. नीट ठिवा, माणूस पाठवून नेतो म्हणले हुते."

जप्ती पंचनाम्याला दोन पंच हवे होते. बाहेर पारावर पाचसहा जण बसले होते. आम्ही विचारताच एकाला बँकेत जायचं आठवलं, दुसऱ्याला गुरांना पाणी पाजायचं. तेवढ्यात पायऱ्यांवरून खणखणीत आवाज आला.

"साहेब, पंच म्हनून बाई चालती का?"

अध्यक्षबाई होत्या. जीप पाहून आल्या असाव्यात.

"न चालायला काय झालं?"

"न्हाई, म्हनलं विचारावं. बऱ्याच ठिकाणी चालत न्हाई आमची सावली." मग ग्रामसेवकाकडे वळून, "काय वो भाऊसाहेब, मी आजारी हुते व्हय? सांगायचं तरी. गोळ्या घेतल्या असत्या."

दुसरे पंच शाळेचे मुख्याध्यापक झाले. पंचनामा दोन तास चालला.

परत जाताना वस्तीवर थांबून म्हातारीचा जबाब घेतला. तिनं विचारलं, "माझी ती सही पुसता येती का?" म्हटलं, आजी, पुसता येत नाही. पण ती कशाची होती हे सांगता येतं. हवालदार बाईंनी जबाब वाचून दाखवला. मग तिनं तो सुनेच्या हातात दिला, "तू वाच." सुनेनं वाचला. "परत वाच." दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं सही केली. तिरकी.

मी जुना मसुदा फाडला आणि अडीच पानांचा अहवाल लिहिला. वरिष्ठांचा फोन आला, "तथ्य असेल तेवढंच लिहा." म्हटलं, तेवढंच आहे, ते अडीच पानं भरतं. सरकारी वकिलांनी तो अहवाल आणि रंगीत पट्ट्यांच्या मूळ याद्या न्यायालयापुढं ठेवल्या. शेठच्या वकिलांनी अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण कागदांच्या चौकशीचा आदेशही झाला. शेठ आतच राहिला.

ग्रामसेवक निलंबित झाला. सहायकावर गुन्हा नोंदला गेला, त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. नेत्यांनी लेखी खुलासा दिला की ग्रामपंचायतीच्या ठरावावर विश्वास ठेवून आपण शिफारस केली, आपलीही फसवणूक झाली. तो स्वीकारला गेला. तीन आठवड्यांत माझी बदली नियंत्रण कक्षात झाली आणि तिथूनच मी निवृत्त झालो. याचं मला वाईट वाटतं असं नाही. नियंत्रण कक्षातही काम असतं. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची.

चीड याची, की हे किती सोपं होतं. एका बाईनं फितूर साक्षीदारांच्या पुढं उभं राहून, दोन तास अपमान सोसून मिळवलेला निकाल पाच झेरॉक्स पानांनी उलटणार होता. त्याला बंदूक लागत नव्हती, गुंड लागत नव्हते. एक स्टीलचा डबा, एक भेदरलेला ग्रामसेवक आणि एक थकलेला पोलीस निरीक्षक एवढं पुरेसं होतं. शिक्षा झालेल्या माणसाची बाजू घेऊन पुढारी न्यायालयात स्वतः कधी उभे राहत नाहीत. ते गावाला उभं करतात, आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो. लोकमत म्हणून जे सादर होतं ते कुणाच्या तरी कपाटात पावत्यांखाली तयार झालेलं असतं. आणि त्याला आपण मदत करतो, कारण सही ही आपल्याकडे वस्तू घेण्याची रीत झाली आहे. कुणी कागद पुढं केला की आपण वाकतो आणि सही करतो, वर काय लिहिलंय ते विचारणं आपल्याला अपमान केल्यासारखं वाटतं.

म्हणून आता तुमच्याकडे एक काम मागतो. या आठवड्यात तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि गेल्या वर्षभराच्या ठरावांच्या प्रती सह्यांच्या पानांसकट मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. तो कसा लिहायचा हे कुठल्याही शाळामास्तराला विचारा. प्रती मिळाल्या की तुमचं नाव, तुमच्या आईचं, बायकोचं नाव कुठल्या ठरावाखाली आहे ते शोधा. नको त्याखाली सापडलं तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आणि जाताना एकटे जाऊ नका. तुमच्या आळीतल्या ज्या बाईला तुम्ही कुठल्याच समारंभाला बोलवत नाही, तिच्या दारावर थांबा आणि तिला बरोबर घेऊन जा. ती यादी तुमच्यापेक्षा तिला जास्त चांगली वाचता येईल.